आत्याचा पाळणा आणि संगणक

(घरातील गाणी जपून ठेवण्यासाठी व स्वतः नवे संगीत रचण्यासाठी संगणकाचा उपयोग कसा करावा, हे लेखकाने या पाठात स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.)



तुमच्या घरात गाणारे कोणी आहे का? दादी लोरी म्हणत असेल. नानीला मेंदीची गाणी पाठ असतील. एखादा चुलतभाऊ टाळ्यांचा ठेका धरून कव्वाली गात असेल. अशी कितीतरी गाणी कोणत्याही पुस्तकात छापलेली नसतात. ती म्हणणारे माणूस गेले, की त्याच्याबरोबर गाणेही जाते.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. माझ्या आजीचा एक पाळणा माझ्या वडिलांनी कॅसेटवर भरून ठेवला होता. मी आठवीत असताना त्याच कॅसेटवर रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. नवा आवाज भरला, की जुना पुसला जातो, हे मला ठाऊक होते. पण कॅसेटवर काहीच लिहिलेले नव्हते आणि मीही ती ऐकून पाहिली नाही. ही चूक लक्षात आली, तेव्हा आजी हयात नव्हती. वडील रागावले नाहीत. ते नुसते गप्प बसले. रागावले असते, तर बरे झाले असते.

तो पाळणा आता एकाच व्यक्तीला येतो, ती म्हणजे माझी आत्या. तिचे वय ७८ आहे. गेल्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी ठरवले, की या वेळी चूक करायची नाही.

आवाज साठवण्याची कला फार जुनी नाही. थॉमस एडिसन याने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. भारतात १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान या गायिकेची गाणी तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रित झाली. त्या तबकडीवर सुमारे तीनच मिनिटे गाता येई. गाणे संपताच गौहरजान आपले नाव सांगत. तबकडी परदेशात तयार होत असे, तेव्हा तेथील कारागिरांना हे गाणे कोणाचे आहे, ते कळावे, हा त्यामागील हेतू. आमच्या कॅसेटवर एवढे एक नाव असते, तर आजीचा आवाज वाचला असता.

पूर्वी चांगल्या ध्वनिमुद्रणासाठी मोठा स्टुडिओ लागे. आज साधा संगणक, एक मायक्रोफोन आणि कानाला लावायचे हेडफोन एवढ्यावर काम भागते. त्यासाठी संगणकात योग्य सॉफ्टवेअर मात्र हवे. मी दोन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. पहिल्याचे नाव ऑडॅसिटी, दुसऱ्याचे एलएमएमएस.

ही दोन्ही मोफत आहेत. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती मुक्त आहेत. मुक्त म्हणजे काय? त्यांची प्रत मित्राला दिली, तर तो गुन्हा होत नाही. ती आतून कशी लिहिली आहेत, हेही कोणालाही वाचता येते आणि सुधारता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. तिच्यातूनच हा परवाना पुढे आला. म्हणून महागड्या सॉफ्टवेअरची चोरलेली प्रत वापरण्याचे कारण उरत नाही.

ऑडॅसिटीचे काम १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केले. २००० मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिचे मुख्य काम आवाज भरणे आणि त्याची काटछाट करणे. लाल ठिपक्याचे बटण दाबले, की पडद्यावर आवाजाची नागमोडी आकृती उमटू लागते.

ही आकृती कशी तयार होते? आपण बोललो, की हवा थरथरते. मायक्रोफोन त्या थरथरीचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. संगणक त्या लहरींची उंची मोजत जातो. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते! सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रे दाखवली, की आपल्याला सलग हालचाल दिसते. तसेच हे आकडे पुन्हा आवाजात बदलले, की आपल्याला सलग गाणे ऐकू येते.

आता आत्याच्या पाळण्याकडे येऊ. तिला कशासाठी आवाज भरायचा आहे, ते मी आधी सांगितले आणि तिची परवानगी घेतली. ती म्हणाली, “माझा आवाज आता घोगरा झालाय रे. पण आईचा पाळणा आहे. भर.”

पहिला प्रयत्न फसला. मी मायक्रोफोन तिच्या तोंडाजवळ धरला होता. पडद्यावरचा मापक सारखा लाल होत होता, पण मी तिकडे लक्षच दिले नाही. ऐकून पाहिले, तर वरचे सूर फाटलेले. संगणकाला मोजता येईल, त्याहून मोठा आवाज आला, की लहरीचा शेंडा कापला जातो. कापलेला शेंडा नंतर नीट जोडता येत नाही. म्हणून आवाज थोडा कमी ठेवून भरावा. कमी आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

दुसऱ्या वेळी मायक्रोफोन वीतभर दूर ठेवला; पण पंखा बंद करायला विसरलो. सारा पाळणा घरघरीत बुडाला. यावर ऑडॅसिटीत एक उपाय आहे. गाण्याआधीची काही सेकंदांची शांतता निवडून ‘हा नको असलेला आवाज’ असे सांगितले, की संगणक तशी घरघर सगळीकडून कमी करतो. मी तो उपाय केला. घरघर गेली, पण आत्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला. पंखा बंद करणे, हाच खरा उपाय!

तिसऱ्या वेळी सारे जमले. मात्र आत्या दमली होती. पाच कडव्यांतले चौथे कडवे तिला आठवलेच नाही. दुसऱ्या दिवशीही आठवले नाही. ते कडवे आज फक्त पहिल्या, फाटलेल्या ध्वनिमुद्रणात आहे. ‘बिघडलेले’ म्हणून मी ते पुसून टाकले असते तर? मित्रांनो, फसलेला प्रयत्नही लगेच पुसू नका.

आता दुसरे सॉफ्टवेअर पाहू. एलएमएमएस हे सिक्वेन्सर आहे. सिक्वेन्सर मुख्यतः आवाज नव्हे, तर सूचना साठवतो: कोणता स्वर, केव्हा, किती वेळ आणि किती जोरात. पंडित भातखंडे यांनी स्वरलिपीत बंदिशी लिहून ठेवल्या. त्या कागदातून आवाज येत नाही. पण जाणकार माणूस त्यावरून गाऊ शकतो. सिक्वेन्सरची सूचनाही तशीच असते. ती वाचून संगणक वाजवतो. अशा सूचनांची एक समान भाषा आहे. तिला मिडी म्हणतात. १९८३ मध्ये अमेरिकेत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले गेले. एक वाजवला, की दुसराही वाजू लागला. तेव्हापासून ही भाषा जगभर चालते आहे.

एलएमएमएसमध्ये ठेक्यासाठी सोळा चौकोनांची ओळ असते. ज्या चौकोनावर टिचकी माराल, तेथे ठोका पडतो. केरवा तालाच्या आठ मात्रा असतात. एका मात्रेला दोन चौकोन दिले, की ताल बरोबर बसतो. पहिल्या व नवव्या चौकोनावर भारी ठोका, पाचव्या व तेराव्यावर हलका ठोका देऊन पाहा. ढोलकीचा आवाज हवा असेल, तर खऱ्या ढोलकीची एकेक थाप ऑडॅसिटीत भरा आणि ती फाइल एलएमएमएसमध्ये आणा. मी तर स्वयंपाकघरातल्या पातेल्याची थाप भरली होती.

मी पाळण्याला असा ठेका तयार केला. एलएमएमएस सुरू होते, तेव्हा वेग मिनिटाला १४० ठोके असा असतो. मी तो बदलला नाही. आत्याने ऐकले आणि ती हसू लागली. “अरे, बाळ झोपणार, की उठून नाचणार?”

मी वेग ७० केला. हेडफोन लावून आत्या त्या ठेक्याबरोबर गाऊ लागली, पण जमेना. ती ‘जो जो’ लांबवायची, तोवर ठेका पुढे निघून जायचा. तबलजी गायकाच्या तोंडाकडे पाहतो, थांबतो, सावरून घेतो. यंत्र कोणाकडे पाहत नाही. शेवटी मी ठेका काढून टाकला. ऑडॅसिटीत तिच्या गाण्याखाली दुसरी पट्टी उघडली, तिचे गाणे हेडफोनवर ऐकले आणि हाताने पातेल्यावर हलकी थाप दिली. दुसरी पट्टी किंचित मागे पडली होती. ती डावीकडे सरकवली, तेव्हा दोन्ही जुळले.

एलएमएमएस वाईट आहे, असे मात्र समजू नका. माझ्या मुलीने त्यावरच आपल्या शाळेच्या संमेलनासाठी एक सुंदर धून रचली. जुने जपायचे असेल, तर ऑडॅसिटी घ्या. नवे रचायचे असेल, तर एलएमएमएस घ्या. कोणते साधन कोणत्या कामाचे, हे ओळखणे महत्त्वाचे.

शेवटी एक गोष्ट विसरू नका. गाण्याआधी गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख बोलून भरा. मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्ये ठेवा. कोणाला पाठवायचे असेल, तर एमपीथ्री ही लहान प्रत काढा. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. आणि ज्याचा आवाज आहे, त्याला विचारल्याशिवाय तो दुसऱ्याला पाठवू नका.

तयार झालेला पाळणा मी वडिलांना ऐकवला. ते याही वेळी गप्पच बसले. मग म्हणाले, “पुन्हा लाव.”

शब्दार्थ

पाळणा – बाळाला झोपवताना म्हणायचे गाणे, लोरी
ध्वनिमुद्रण – आवाज भरून साठवणे
हयात – जिवंत
तबकडी – गाणे भरलेली गोल चकती
घोगरा – बसलेला, जाडसर (आवाज)
ठेका – तालाची ठरलेली ठोक्यांची रचना
वीत – अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने आजीच्या कॅसेटवर काय भरले?
(आ) गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव का सांगत?
(इ) सिक्वेन्सर मुख्यतः काय साठवतो?

२. कारणे लिहा.
(अ) आवाज थोडा कमी ठेवून भरावा.
(आ) फसलेले ध्वनिमुद्रण लगेच पुसू नये.
(इ) आत्याला संगणकाच्या ठेक्याबरोबर गाता आले नाही.

३. भाषेकडे लक्ष द्या.
‘आवाज’ हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. उर्दूत तो स्त्रीलिंगी आहे, मराठीत पुल्लिंगी. म्हणून मराठीत ‘चांगला आवाज’, ‘माझा आवाज’ असे म्हणतात. पाठातून ‘आवाज’ शब्द असलेली तीन वाक्ये शोधून लिहा.

४. उपक्रम
घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीची परवानगी घेऊन तिचे एक गाणे भरा. ते गाणे ती कोणाकडून शिकली, हे विचारा आणि पाच ओळी मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.