संगणकातील नोंदींचे जतन : एका बंद पडलेल्या साठवण-यंत्राचा अभ्यास

वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रियांचा तक्ता आणि जमाखर्चाचा ताळेबंद यांना ठरलेले स्थान असते. यंदा त्यांच्या जोडीला एका वेगळ्या विषयाची माहिती सन्माननीय विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यापुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. हा विषय आहे रुग्णांच्या संगणकीय नोंदींचा. अहवाल वर्षात आपल्या रुग्णालयातील साठवण-यंत्र बंद पडले आणि त्यातील नोंदी परत मिळवाव्या लागल्या. त्या निमित्ताने जे शिकावयास मिळाले, ते कोणत्याही सेवाभावी संस्थेस उपयोगी पडावे, या हेतूने येथे मांडत आहोत.

नोंद हरवली म्हणजे काय हरवते?

छातीच्या एक्स-रेवर एक डाग दिसतो. तो नवा आहे की काही वर्षांपूर्वीही तेवढाच होता, हे जुनी प्रतिमा पाहूनच ठरते, आणि पुढील तपासणी करावयाची की वाट पाहावयाची, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. एखाद्या औषधाची रुग्णास ॲलर्जी असल्याची केसपेपरवरील एक ओळ पुढच्या वेळी त्याचा जीव वाचवू शकते. म्हणजे नोंद हा उपचाराचाच भाग होय.

कायद्याचीही तशीच अपेक्षा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावयाच्या असतात आणि रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्यावयाच्या असतात. शिवाय धर्मादाय रुग्णालयांना २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावयाची असते. या निधीतून कोणाच्या उपचारासाठी किती खर्च झाला, याचा पुरावा नोंदींतच असतो. नोंद नाहीशी झाली तर त्या गरीब रुग्णास दिलेल्या मदतीचा मागही पुसला जातो.

काय घडले?

रुग्णालयातील सर्व संगणक ज्या पेटीशी जोडलेले आहेत, तिला जाणकार 'नॅस' म्हणतात. त्या पेटीत चार हार्ड डिस्क असून एक्स-रेच्या प्रतिमा, स्कॅन केलेले केसपेपर आणि प्रयोगशाळेचे अहवाल तेथे एकत्र साठतात. दर रविवारी रात्री या सर्वांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली जाते. एका बुधवारी चारपैकी एक डिस्क निकामी झाली. रीतीप्रमाणे नवी डिस्क मागवून बसविण्यात आली. यंत्र तिच्यावर जुनी माहिती पुन्हा भरीत असताना शुक्रवारी दुसऱ्या डिस्कवरील काही भाग वाचता येईना आणि संपूर्ण साठा दिसेनासा झाला. रविवारपर्यंतचे सर्व सुरक्षित होते. प्रश्न होता सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांचा.

बेरजेची वही

चार डिस्कपैकी एक गेली तरी माहिती कशी टिकते आणि दोन गेल्यास ती का जाते, हे हिशेबाच्या भाषेत सांगता येईल. समजा, तीन खतावण्यांत अनुक्रमे २५, ४० आणि १५ असे आकडे आहेत आणि चौथ्या वहीत त्यांची बेरीज ८० लिहून ठेवली आहे. मधली खतावणी जळाली, तर ८० मधून २५ आणि १५ वजा करून ४० हा आकडा पुन्हा मिळतो. परंतु पहिल्या दोन्ही जळाल्या, तर दोहोंची मिळून बेरीज ६५ होती एवढेच कळते. त्यात कोणाचे किती, हे सांगता येत नाही.

यंत्रात प्रत्यक्ष बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब असतो आणि तो एकाच डिस्कवर न ठेवता चारही डिस्कवर वाटलेला असतो. तत्त्व मात्र हेच. डिस्क अशा जोडण्याच्या पद्धतीस 'रेड' हे नाव १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांच्या शोधनिबंधामुळे रूढ झाले. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये, हा तिचा उद्देश. तिला कोणी 'दुसरी प्रत' समजू नये. चुकून फाईल पुसली गेली, विषाणूने ती बिघडवली किंवा पेटीलाच आग लागली, तर बेरजेची वहीही त्याच पेटीत असते.

दुसरी डिस्क नेमकी त्याच सुमारास का जावी, असा प्रश्न साहजिकच पडतो. चारही डिस्क बहुधा एकाच वेळी घेतलेल्या असतात आणि सारख्याच झिजतात. शिवाय नवी डिस्क भरताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्कच्या बाबतीत हे काम कित्येक तास, कधी काही दिवसही चालते. एरवी वर्षानुवर्षे न उघडलेल्या कोपऱ्यांतील खराबी तेव्हाच उघडकीस येते. साध्या हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात १०० लक्ष कोटी बिट वाचताना एखादी जागा वाचता न येण्याची शक्यता गृहीत धरलेली असते. ऐकावयास हा आकडा अफाट वाटतो, पण तो होतो सुमारे साडेबारा टेराबाइट, आणि आजच्या काही डिस्क एकेकट्याच याहून मोठ्या असतात. म्हणून एक डिस्क गेल्याचा इशारा मिळताच, नवी बसविण्यापूर्वी, अलीकडच्या नोंदींची प्रत बाहेर काढून घेणे हा शहाणपणाचा क्रम होय.

पहिल्या तासातील संयम

अशा प्रसंगी माहिती बहुतेकदा डिस्कवर शाबूत असते. ती नष्ट होते ती पुष्कळदा नंतरच्या घाईमुळे. पडद्यावर 'नव्याने साठा तयार करा' अशी सूचना येते आणि ती मान्य केल्यास जुन्या लिखाणावर नवे लिखाण सुरू होते. यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू केल्याने कमकुवत डिस्क अधिकच खचते. डिस्क शीतकपाटात ठेवावी, असा एक घरगुती उपाय सांगितला जातो. त्याने आत दव साचून हानीच होते. डिस्क उघडून पाहणे तर सर्वांत घातक, कारण वाचणारे शीर्ष तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. त्या अंतरापुढे धुळीचा कण म्हणजे डोंगरच. हे काम धूलिमुक्त कक्षातच व्हावयास हवे.

म्हणून आमच्या संगणक विभागाने यंत्र बंद केले, प्रत्येक डिस्कवर तिचा क्रमांक व जागा लिहिली आणि अनुभवी तंत्रज्ञास पाचारण केले. त्याच तासात आणखी एक सूचना देण्यात आली व ती फार उपयोगी ठरली. एक्स-रे यंत्राच्या स्वतःच्या संगणकात आणि प्रयोगशाळेच्या तपासणी यंत्रात अलीकडच्या नोंदी काही काळ शिल्लक असतात आणि जागा भरली की त्यांच्यावर नव्या नोंदी येतात. तेथील काहीही पुसू नये, असे दोन्ही विभागांना कळविण्यात आले.

नोंदी परत मिळविण्याची रीत

तंत्रज्ञाचा पहिला नियम असा की मूळ डिस्कवर काम करावयाचे नाही. प्रथम प्रत्येक डिस्कची तंतोतंत नक्कल नव्या डिस्कवर घ्यावयाची. त्यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाची विनामूल्य संगणक-प्रणाली उपलब्ध आहे. ती आधी सहज वाचता येणारे भाग उचलते, अडणाऱ्या जागा वहीत टिपून बाजूस ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. आधी वाचवता येईल ते वाचवावे, मग कठीणाकडे वळावे, ही रीत अपघात विभागात काम करणाऱ्यांस नवी वाटणार नाही.

लहान संस्थांच्या बहुतेक साठवण-पेट्या आतून लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात. त्यामुळे पेटीचा वीजपुरवठा वा मुख्य पट्टी जळाली, तरी डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स संगणकावर वाचता येतात. प्रत्येक डिस्कवर शेवटच्या लिखाणाचा अनुक्रमांकही असतो. बुधवारी गळालेल्या डिस्कचा अनुक्रमांक मागे राहिलेला होता, म्हणजे ती पुढील पाने कोरी असलेली खतावणी होती. ती वगळून दोन निरोगी डिस्कच्या नकला व कमकुवत डिस्कची नक्कल अशा तिघींची जुळणी 'फक्त वाचन' या अटीवर करण्यात आली. साठा दिसू लागला. त्यातील सर्व फाईली आधी दुसरीकडे उतरविल्या आणि मगच त्यांची तपासणी सुरू झाली.

ज्या थोड्या भागात फाईलींची सूचीच वाचता आली नाही, तेथे दुसरा उपाय योजावा लागला. प्रत्येक प्रकारच्या फाईलची सुरुवात ठरावीक खुणेने होते. त्या खुणा शोधून फाईली वेचता येतात, परंतु त्यांची नावे मिळत नाहीत. येथे वैद्यकीय प्रतिमांच्या 'डायकॉम' या आंतरराष्ट्रीय पद्धतीचा गुण दिसून आला. अशा फाईलीत पहिल्या १२८ बाइटनंतर 'डी, आय, सी, एम' ही चार रोमन अक्षरे असतात आणि पुढे रुग्णाचे नाव, क्रमांक व तपासणीची तारीख फाईलच्या आतच लिहिलेली असते. त्यामुळे नाव गमावलेली एक्स-रेची प्रतिमाही पुन्हा ज्याची त्यास लावता आली. स्कॅन केलेल्या केसपेपरांना अशी ओळख नसते. ती पाने डोळ्यांनी वाचून लावावी लागली आणि ते काम नोंदी विभागातील भगिनींनी नेटाने केले. जे थोडे मिळालेच नाही, ते एक्स-रे यंत्राच्या स्मृतीतून, प्रयोगशाळेच्या यंत्रातून आणि मूळ कागदांवरून पुन्हा भरण्यात आले. संगणकीकरणानंतर कागद हा अडगळ वाटू लागतो, परंतु येथे तोच साक्षीदार म्हणून उभा राहिला.

हे सारे काम रुग्णालयाच्या आवारातच, गोपनीयतेच्या लेखी करारानंतर झाले. निकामी डिस्क भंगारात न देता नष्ट करण्यात येतात, हेही रुग्णांच्या आप्तेष्टांनी निश्चिंतपणे जाणावे.

इतरांच्या अनुभवातून

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर संगणकीय हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणी, भरती, घरी सोडणे ही कामे हाताने करावी लागली. सुमारे दोन आठवड्यांनी बहुतेक सेवा पूर्ववत झाल्या, त्या हल्ल्यापासून बचावलेल्या एका राखीव सर्व्हरवरील प्रतीमुळे. देशातील अग्रगण्य संस्थेसही अखेर अलग ठेवलेली प्रतच कामी आली.

दुसरे उदाहरण चित्रपट व्यवसायातील आहे. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' च्या फाईली चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रत होती, पण ती सदोष असल्याचे गरज पडल्यावर कळले. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेने घरच्या संगणकावर ठेवलेल्या प्रतीमुळे काम वाचले. प्रत घेणे जितके आवश्यक, तितकेच ती उघडते की नाही हे पाहणेही.

पुढील व्यवस्था

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेले '३-२-१' हे सूत्र आता जगभर मान्य आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक वास्तूबाहेर. त्यानुसार आगामी वर्षासाठी पुढील योजना विश्वस्त मंडळापुढे ठेवली आहे. साप्ताहिक प्रतीऐवजी रोज रात्री प्रत घ्यावी. एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तोडून व वास्तूबाहेर ठेवावी. दर तीन महिन्यांनी काही केसपेपर व प्रतिमा त्या प्रतीतून प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात आणि त्याची नोंद सहीनिशी ठेवावी. ज्याप्रमाणे शिल्लक रोकड वहीवरून न मानता तिजोरी उघडून मोजतात, त्याप्रमाणेच हे आहे.

देणगीदारांच्या उदारतेतून खाटा उभ्या राहतात, डायलिसिसची यंत्रे येतात आणि त्यांवर देणाऱ्यांची नावे शोभतात. नोंदींच्या राखीव प्रतीवर नामफलक लावता येत नाही, तिचे उद्घाटनही होत नाही. सर्व सुरळीत असेपर्यंत तिचा खर्च अनावश्यकही भासेल. परंतु उद्या एखादा रुग्ण जुना एक्स-रे मागावयास येईल, तेव्हा तो त्याच्या हाती ठेवता यावा, यासाठी हा खर्च आहे. अर्थसंकल्पातील या लहानशा तरतुदीस आपण सर्वांनी आपुलकीने मान्यता द्यावी, ही नम्र विनंती.