दस्त्याला चीर गेली तर खर्च किती, आणि तो जातो कशात

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दोन महिन्यांत झडी लागते आणि घरातलं मीठसुद्धा पाझरतं. भिंतीला टांगलेली बंदूक हे सगळं सोसत असते. लाकूड उन्हात आकसतं, पावसात फुगतं, आणि ज्या जागी ते लोखंडाला स्क्रूने आवळलेलं असतं तिथेच तडकतं. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची किंवा बारा बोरची बंदूक असलेल्या शेतकऱ्याला ही चीर बहुधा धानात डुकरं शिरू लागतात त्याच सुमारास दिसते. मग घाई होते, आणि घाईत पैसा चुकीच्या जागी जातो.

पहिली गोष्ट पैशाची नाहीच. चीर दिसली की बंदूक वापरणं थांबवा. दस्ता, म्हणजे ज्याला आपण सरसकट बट म्हणतो, त्याच्या मानेत चीर असेल तर बाराच्या धक्क्याने तो हातातच दुभंगू शकतो, आणि त्या क्षणी तुमचा गाल आणि अंगठा त्याला लागून असतात. ठासणीची बंदूक असेल तर ती भरलेली नाही याची खात्री करा. वर्षानुवर्षं बार भरूनच टांगलेल्या बंदुका घरोघरी असतात. गज नळीत शेवटपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, बाहेर काढून नळीच्या बाजूने धरा. गजाचं टोक नळीच्या बुडाशी, कान असतो तिथवर पोचत नसेल तर आत बार आहे असंच समजा आणि बंदुकीच्या जाणकाराशिवाय पुढे हात लावू नका.

आता चीर कुठे आहे ते पाहा, कारण खर्च तिच्या लांबीपेक्षा जागेवर ठरतो. खांद्याला टेकतो त्या टोकाचा टवका किंवा बाजूची उथळ भेग हे किरकोळ काम. लोखंडी भागाच्या मागून निघालेली केसासारखी चीर वेळेवर धरली तर दुरुस्त होते. मान आरपार गेली असेल, किंवा लोखंडामागचं लाकूड तेल पिऊन काळं आणि भुसभुशीत झालं असेल, तर नवा दस्ता. हे काळं लाकूड म्हणजे आपल्याच मायेचं फळ. बंदुकीला भरपूर तेल देऊन ती नळी वर करून टांगली की तेल वर्षभर मानेत झिरपतं. नळी खाली ठेवून टांगा, तेलाचा हात कोरडा ठेवा.

दुरुस्तीत सामान स्वस्त आणि हात महाग. चिरेतलं तेल अॅसिटोनने ओढून काढायचं, चीर हलकेच उघडून तळापर्यंत दोन भागांचा इपॉक्सी डिंक भरायचा, आडवी पितळी पिन बसवायची, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून गुंडाळून चोवीस तास हात लावायचा नाही. अॅसिटोन, इपॉक्सी, पिन मिळून पाचशे रुपयांच्या आत बसतं. फेविकॉल तेलकट लाकडाला धरत नाही, आणि झटपट चिकटणारा डिंक पहिल्याच धक्क्याला सुटतो. खिळा तर मुळीच नको. माझ्या नात्यातल्या एका घरी मानेत दोन खिळे ठोकलेली बंदूक मी पाहिली आहे. खिळ्यांनी चिरेची फाळणी पुरी केली होती. नीट काम दीड-दोन दिवसांचं. कुशल कारागिराची रोजी हजार रुपये धरली तर सगळं मिळून अडीच हजार, आणि बंदुकीचा कारागीर सुतारापेक्षा जास्त मागतो, तो त्याचा हक्क आहे. दुकान जीएसटीचं असेल तर मजुरीवर १८ टक्के वेगळे.

नव्या दस्त्याचा हिशेब लाकडापासून करू. बारा बोरच्या मागच्या दस्त्याला अठरा इंच लांब, सहा इंच रुंद, अडीच इंच जाड ठोकळा लागतो. हे २७० घन इंच होतं, म्हणजे घनफुटाचा साधारण सहावा हिस्सा. सागाचा दर घनफुटाला पाच हजार धरला तर आठशे रुपये, आणि रेषा बघून निवडताना निम्मं वाया जाईल म्हणून सोळाशे. ठासणीच्या बंदुकीला नळीखालून जाणारं अखंड लाकूड लागतं. साडेतीन फुटांचा ठोकळा म्हणजे घनफुटाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त, त्याच दराने अठराशे, वाया जाणारं वेगळं. त्यात कोरीवकाम तीन ते चार दिवसांचं, कारण लोखंड लाकडात कागदसुद्धा शिरणार नाही असं बसवावं लागतं. ते सैल बसलं की धक्का एकाच जागी येतो आणि नवा दस्ता पुन्हा तडकतो. म्हणून सहा-सात हजारांच्या खाली कोणी नवा दस्ता देतो म्हणाला तर लाकूड किती वर्षं वाळवलं ते विचारा. जुनी अडाख्याची रीत इंचाला एक वर्षाची आहे, म्हणजे अडीच इंचाला अडीच वर्षं.

कोणतं लाकूड? आलापल्लीचा साग देशभर नावाजलेला आहे, २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून साग गेला. म्हणून आपल्याकडे प्रत्येकाला दस्ताही सागाचाच हवा असतो. माझं मत वेगळं आहे. साग पावसाला टिकतो, पण मानेसारख्या बारीक जागी तो रेषेवर उलतो. शिसम जड पण चिवट, बारा बोरला मी तेच घेईन. अक्रोड सगळ्यांत उत्तम, पण इथे सहज मिळत नाही. लाकूड कुठलंही असो, मानेतून जाणाऱ्या रेषा मानेच्याच दिशेने सरळ जाताहेत ना, एवढं स्वतः डोळ्यांनी पाहा. तिरप्या रेषेचा देखणा दस्ता घेऊ नका. शेवटी जवसाच्या तेलाचे चार-पाच पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. आणि लाकूड परवानाधारक आरागिरणीतूनच, पावती घेऊन. रानातला ओंडका आणाल तर दस्त्याआधी वनखात्याची केस उभी राहील.

ज्यांच्याकडे ईशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल आहे त्यांचं काम तुलनेने सोपं. ती ली-एनफिल्डच्या घडणीची, तिचं लाकूड पुढचं आणि मागचं असं दोन तुकड्यांत असतं. मागचा दस्ता आतून एका लांब बोल्टने आवळलेला असतो. पुष्कळदा चीर पडण्याचं कारण हा बोल्ट सैल होणं हेच असतं. पुढचं लाकूड फाटू नये म्हणून ईशापूरने आपल्या लष्करी रायफलींना आडवा स्क्रू घातला, तो जगभरच्या जाणकारांत ईशापूर स्क्रू म्हणूनच ओळखला जातो. तडकलेलं लाकूड आडव्या बंधाने धरायची युक्ती तीच.

आता खरा खर्च. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती त्या कामाचा परवाना असलेल्यानेच करायची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षांचा कारावास आहे, वर जन्मठेपेपर्यंत. गावातला सुतार कितीही हुशार असो, त्याच्या दारात बंदूक नेऊन त्या माणसाला या कलमात ओढू नका. नुसतं लाकूड सोडवून द्यावं, असं सुचवणारे भेटतात. मी तो धोका घ्यायला सांगणार नाही, कारण कायद्यात शस्त्राच्या सुट्या भागांचाही विचार आहे.

म्हणजे परवानाधारक दुकान गाठणं आलं, आणि आपल्यापैकी अनेकांसाठी ते नागपूर. चंद्रपूरहून दीडशे किलोमीटर. एकदा टाकायला, एकदा आणायला, जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर. चारचाकी लिटरला पंधरा देते आणि पेट्रोल १०५ रुपये, असं धरलं तर ४,२०० रुपये. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशेच्या वर. तिथल्या माणसाचे चौदाशे किलोमीटर होतात, पेट्रोलच पावणेदहा हजारांचं. दस्त्यापेक्षा रस्ता महाग, हे त्या टोकाच्या शेतकऱ्याचं दुखणं आहे आणि ते कुणी मोजत नाही.

हा खर्च कमी होऊ शकतो, आणि वाट कायद्यातच आहे. कलम ३ च्या परंतुकाप्रमाणे, परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस त्याची बंदूक दुरुस्तीसाठी नेऊ शकतो. तेव्हा नागपूरला निघालेल्या शेजाऱ्याबरोबर ती पाठवता येते. सोबत सही केलेलं अधिकारपत्र आणि परवाना द्या, ठाण्यात आधी लेखी कळवा, बंदूक रिकामी आणि गुंडाळलेली असू द्या. निघण्याआधी चिरेचे चार बाजूंनी फोटो दुकानदाराला पाठवा आणि दर, दिवस, लाकूड फोनवरच ठरवा, म्हणजे नुसतं दाखवायला एक खेप जात नाही. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं ते वाचा. फक्त जिल्ह्यापुरता असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत आधी विचारा. सिरोंच्याच्या लोकांना पूल ओलांडून तेलंगणात जाणं जवळ पडतं, पण राज्याबाहेरची मान्यता परवान्यावर नसेल तर तो जवळचा रस्ता नव्हे. परवान्याची मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण. दुकानातून बंदुकीच्या क्रमांकासह पावती घ्या आणि परत घेताना नळीवरचा तोच क्रमांक ताडून पाहा. दस्ता बदलल्याने क्रमांक बदलत नाही, मात्र नळी आखूड करायला कुणी सुचवलं तर कलम ६ आडवं येतं.

तडकलेली जुनी काढून नवी बंदूकच घ्यावी का, असं ताडोब्याच्या अवतीभवतीचे लोक विचारतात. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे नोंद करावी लागते, आणि तिथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. परवान्यावरचं शस्त्र बदलायलाही परवानगी लागते. त्या पट्ट्यात नळी निरोगी असेल तर आठ-दहा हजार घालून जुनी बंदूक सांभाळणंच शहाणपणाचं. नळीला आतून गंजाचे खड्डे असतील तर मात्र नव्या दस्त्यावर एक रुपयाही घालू नका, आणि हे लाकडाचं काम ठरवण्याआधीच कारागिराकडून तपासून घ्या.

निवडणुकीत ठाण्यात बंदूक जमा करायची वेळ आली तर जमा करतानाच दस्त्याचा फोटो काढून पावतीवर ‘दस्ता अखंड’ असं लिहून मागा. आणि ज्यांच्या घरी आजोबांपासूनची बिनपरवान्याची भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, आहे त्यांनी तिची चीर सांधायच्या नादी लागू नये. ती गावच्या चार जाणत्या माणसांना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जमा करावी.