शेवटच्या आठवड्यातला प्रोजेक्ट

प्रश्न : आमच्या वर्गात बहुतेकांचे प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या आठवड्यात उरकले जातात आणि सगळे पास होतात. उलट तारीख तोंडावर आली की डोकं जास्त चालतं. मग चालढकल केल्याने खरंच काही बिघडतं का?
— अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : बिघडतं, पण ते उशिरा कळतं. डायॅन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे इतरांपेक्षा मजेत होते, त्यांना ताणही कमी होता. सत्र संपत आलं तसं चित्र फिरलं. एकूण सत्राचा हिशेब मांडला, तेव्हा जास्त आजारी तेच पडले होते आणि गुणही त्यांनाच कमी होते.

दुसरी अडचण अंदाजाची. १९९४ सालच्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला होता. लागले ५५ हून अधिक. ‘सगळं बिनसलं तर किती लागतील?’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तरही सुमारे ४९ दिवसांचंच होतं!

तुमच्या प्रोजेक्टमध्ये बिनसण्यासारखं तर पुष्कळ असतं. सेन्सर भलतंच रीडिंग देतो, मागवलेला पार्ट वेळेत येत नाही, गाईड परीक्षेच्या ड्युटीवर असतात, बाइंडिंगवाल्याकडे सगळ्यांची ब्लॅक बुकं एकदम येऊन पडतात. अशा वेळी पहिली कात्री टेस्टिंगला लागते. शिकायचं असतं ते नेमकं तिथेच : सर्किट का चाललं नाही, हे शोधण्यात. ते राहिलं की व्हायव्हात ‘हीच पद्धत का निवडली?’ या साध्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही. नोकरीच्या मुलाखतीतही नवख्या उमेदवाराला बहुधा प्रोजेक्टबद्दलच विचारतात.

मला सर्वांत जास्त खटकतं ते ग्रुपमधलं. चौघांपैकी एकाने काम लांबवलं की रात्री जागतो दुसराच, आणि तो बहुधा दर वेळी तोच असतो. याला मी निव्वळ आळस म्हणणार नाही. तो त्या मित्रावरचा अन्याय आहे.

या आठवड्यात अर्धवट का होईना, लिहिलेली दोन पानं घेऊन गाईडकडे जा आणि पुढच्या भेटीची तारीख त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.