आधी पेला दाबून बघ

सोनू,

तुझ्या पायाचा फोटो मिळाला, खालचा प्रश्नही: "मावशी, हे पित्तच ना?" फोटोवरून मावशी कुणालाच काही सांगत नाही, तुलाही सांगणार नाही.

अंगावर लाल काही उठलं की आपल्याकडे ते पित्त, आणि त्यावर आमसुलाचं पाणी. बऱ्याचदा ते पित्तच असतं. गांधी फुगीर असतात, जीव नकोसा होईल इतक्या खाजतात आणि एकेक गांध 24 तासांच्या आत विरते, दुसरीकडे नवी उठते. निमित्त कोळंबीचं, औषधाच्या गोळीचं, नाहीतर कशाचंच नाही. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मात्र थेट हॉस्पिटल. घामोळं कपड्याखाली येतं. ढेकणांचे चावे उघड्या अंगावर, पुष्कळदा ओळीत. होस्टेलच्या गादीची शिवण उलटून बघ.

हे सगळं दाबलं की फिकं पडतं. मेख इथेच आहे.

काचेचा स्वच्छ पेला ठिपक्यावर दाब आणि काचेतून बघ. लाली गेली, तर रक्तवाहिन्या नुसत्या फुगल्यात. तशीच राहिली, तर रक्त बाहेर, त्वचेत झिरपलंय. असे ठिपके सपाट, टाचणीच्या टोकाएवढे, बहुधा न खाजणारे. डांग्या खोकल्यात किंवा उलट्यांच्या जोरानं ते चेहऱ्यावर येतात आणि आपोआप जातात. पायावरच्यांना इतकं सोपं समजू नये.

मावशीच्या वॉर्डात पाचवीतला एक मुलगा आला होता. मोज्याचं इलॅस्टिक जिथे आवळतं, तिथे ठिपक्यांचं कडंच उमटलेलं. आई तीन दिवस आमसूल चोळत होती. सर्दीतापानंतर त्याच्या शरीरानं स्वतःच्याच प्लेटलेट मोडायला घेतल्या होत्या. दीड लाखाच्या वर हव्यात, त्या वीस हजारही नव्हत्या. पोरगा बरा झाला, पण ते तीन दिवस आईच्या जिवाला लागले.

पावसाळ्यात ताप आणि ठिपके म्हटलं की आधी डेंग्यू. त्यात फिकं पडणारं पुरळही येतं, म्हणून ताप असेल तर पेल्यावर विसंबायचं नाही. ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात, आणि धोक्याचे 24 ते 48 तास नेमके तेव्हा सुरू होतात. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नकोस. त्यांनी रक्तस्राव वाढतो.

पेल्यातून काय दिसलं ते आज रात्रीच कळव. लाली हटली नसेल किंवा अंगात ताप असेल, तर मावशीला फोन नंतर, आधी दवाखाना.

तुझी,
मावशी