पिल्लांची ऊब : पहिले चार आठवडे

खुडूक कोंबडी २१ दिवस अंडी उबवते, हे तुम्हांला माहीत आहेच. पण पिल्ले बाहेर आली म्हणून तिचे काम संपत नाही. पुढे काही आठवडे ती त्यांना पंखांखाली घेते. कोंबडीचे शरीर सुमारे ४१ अंश सेल्सिअस गरम असते. पिल्लाच्या अंगावर मात्र नुसती लव असते आणि स्वतःचे तापमान राखण्याची शक्ती त्याला अजून आलेली नसते. हॅचरीतून आणलेल्या पिल्लांना आई नसते. तिचे काम ब्रूडरने करायचे असते. आपल्या बालाघाटात पौष महिन्यात रात्रीचा पारा कित्येकदा १० अंशांखाली उतरतो. अशा एका रात्रीच्या दुर्लक्षाने घरची सगळी पिल्ले दगावू शकतात.

ब्रूडरची तयारी : ५० पिल्लांसाठी पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे सुमारे ४ फूट व्यासाचे, दीड फूट उंच कडे करावे. ते गोलच हवे. कोपरा असला की थंडीत पिल्ले तेथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. जमिनीवर २ ते ३ इंच कोरडे धानाचे तूस पसरावे. आपल्या धानाच्या जिल्ह्यात राईस मिलवर ते सहज मिळते. वर १०० वॅटचे दोन बल्ब तारेने पक्के टांगावेत. एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचाच हवा. एलईडी बल्ब उजेड देतो, पण पिल्लांना पुरेल अशी ऊब देत नाही.

तापमान : पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंश, दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात २९ आणि चौथ्यात २६ अंश ठेवावे. बल्ब थोडा थोडा वर घेतला की उष्णता कमी होते. जागाही दर आठवड्याला वाढवावी.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्लांकडे पाहा. बल्बखाली गर्दी करून चिवचिवत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. कड्याला चिकटून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील, तर उष्णता जास्त आहे. सगळी एकाच बाजूला जमली, तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो आहे. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असतील, तर सारे ठीक आहे. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे अशी पाहणी अवश्य करावी.

वीज गेली तर : बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवाव्यात. कड्यावर पोते टाकावे, पण हवेला फट ठेवावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. तो पिल्लांना मारतो आणि त्याच खोलीत झोपलेल्या माणसांनाही.

पाणी व दाणा : पिल्ले येताच आधी पाणी, मग दाणा. भांडे उथळ असावे व त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही. पहिल्या दिवशी मक्याचा भरडा किंवा कनकी चालते. पण कनकीत प्रथिने कमी असतात, म्हणून पुढे चिक स्टार्टरच द्यावे. ओले झालेले तूस लगेच काढावे. त्यातूनच रक्ती हगवणीचा रोग पसरतो. मांजर, मुंगूस व उंदीर येऊ नयेत म्हणून वर जाळी बांधावी. लसीकरण पशुवैद्यकांना विचारून वेळेवर करून घ्यावे.

चार आठवड्यांत पिसे येऊ लागतात व धोका पुष्कळ कमी होतो. म्हणूनच काही योजनांत एक दिवसाची नव्हे, तर चार आठवडे वाढवलेली पिल्ले वाटतात. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला झाबुआचा कडकनाथ काटक खरा, पण पहिल्या दिवसांत त्यालाही हीच ऊब लागते.

उपक्रम : ज्यांच्या घरी पिल्ले आहेत, त्यांनी सात दिवस सकाळ-संध्याकाळ पिल्ले कोठे व कशी बसली आहेत याचे चित्र वहीत काढावे, बल्बची उंची लिहावी आणि वही वर्गात दाखवावी.