जयपुर की जयपूर? पायथॉनमध्ये अक्षर बदलताना

कॅडेट मित्रांनो, इथल्या हिंदी पाट्यांवर 'जयपुर' असते. मराठीत मात्र गावाच्या नावाला लागणारा 'पूर' दीर्घ लिहायचा, असा शुद्धलेखनाचा नियम आहे: नागपूर, सोलापूर, तसेच जयपूर. हिंदी यादीतली गावे मराठी पानासाठी घ्यायची असतील, तर एकेक नाव हाताने दुरुस्त करण्यापेक्षा ते काम पायथॉनला सांगावे. (खालचे डेफ, रिटर्न, रिप्लेस वगैरे शब्द संगणकावर रोमन लिपीत टंकावेत.)

डेफ गाव():
    रिटर्न "जयपुर"

नाव = गाव()
नाव.रिप्लेस("पुर", "पूर")
प्रिंट(नाव)

पडद्यावर येते 'जयपुर'च! पायथॉनमधली स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. रिप्लेस नवी स्ट्रिंग तयार करून परत देते. ती आपण कुठे ठेवलीच नाही, म्हणून वाया गेली. ओळ अशी हवी:

नाव = गाव().रिप्लेस("पुर", "पूर")

फंक्शनने परत दिलेल्या स्ट्रिंगला असे थेट रिप्लेस लावता येते. नाव[3] = "ू" असे लिहून पाहाल, तर पायथॉन चूक दाखवून थांबेल. आणि हो, 3 हा क्रमांक उकाराचाच आहे. क्रमांक 0 पासून सुरू होतात आणि युनिकोडमध्ये उकार हे वेगळे चिन्ह असते. म्हणून लेन("जयपुर") 5 सांगते, आपल्याला दिसतात चारच अक्षरे.

आता खरी अडचण. यादीत 'पुरंदर' असेल तर त्याचा 'पूरंदर' होईल, 'जयपुरी रजई'ची 'जयपूरी रजई'. दोन्ही अशुद्ध! रिप्लेस शब्द ओळखत नाही, चिन्हे जुळली की बदलते. म्हणून नावाचा शेवट तपासायचा:

डेफ मराठी(नाव):
    इफ नाव.एंड्सविथ("पुर"):
        रिटर्न नाव[:-3] + "पूर"
    रिटर्न नाव

नाव = मराठी(गाव())

प, उकार आणि र अशी शेवटची 3 चिन्हे काढून तिथे 'पूर' जोडला. उदयपुर, जोधपुर, भरतपुर दीर्घ होतात. पुरंदर आणि जयपुरी जसेच्या तसे राहतात.

एक शब्द तरीही चकवेल. आमेरच्या राजवाड्याबद्दल लिहिताना 'अंतःपुर' येते. शेवटी 'पुर' आहे, पण ते गाव नव्हे. तत्सम शब्द म्हणून ऱ्हस्वच. तेव्हा हे फंक्शन गावांच्या रकान्यावरच चालवा, इतर मजकुरावर नको.