कन्सोलवरील आभासी वास्तव : ग्राहकांच्या अनुभवातून

गेम कन्सोलला जोडण्याचा आभासी वास्तवाचा हेडसेट, म्हणजे दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवून खोलीचा भास निर्माण करणारे आणि मान वळेल तसे दृश्य फिरवणारे उपकरण, स्वतंत्रपणे चालत नसल्याने त्याचा ग्राहक कन्सोल बाळगणाऱ्यांतूनच मिळवावा लागतो. सोनीने ऑक्टोबर २०१६ मध्ये आणलेल्या प्लेस्टेशन व्हीआरचे २०१९ अखेरपर्यंत सुमारे ५० लाख नग विकले गेले, तेव्हा प्लेस्टेशन ४ ची विक्री १० कोटींच्या पुढे गेली होती. म्हणजे साधारण वीस कन्सोलांमागे एक हेडसेट. हा वर्ग लहान असला तरी हौशी आणि निष्ठावान होता, आणि तो जपणे शक्य होते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये प्लेस्टेशन व्हीआर२ आला, तेव्हा नेमके हेच घडले नाही. नजर जिथे खिळली आहे तेवढाच भाग बारकाईने रेखाटून यंत्राची शक्ती वाचवणारे त्याचे नेत्रमागोवा तंत्र खरोखर प्रगत होते. परंतु अमेरिकेत त्याची किंमत ५४९.९९ डॉलर, म्हणजे खुद्द कन्सोलपेक्षा अधिक होती, आणि आधीच्या हेडसेटसाठी पैसे मोजून घेतलेले खेळ निर्मात्याने नव्याने घडवून दिल्याखेरीज त्यावर चालत नव्हते. ज्यांनी पहिल्या पिढीवर विश्वास टाकला होता त्यांनाच पुन्हा शून्यापासून संग्रह उभारण्यास सांगणे, ही या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक मानावी लागते. ग्राहक थोडे, म्हणून निर्माते खेळ करीत नाहीत, आणि खेळ नाहीत म्हणून ग्राहक वाढत नाहीत, हा पेच त्यामुळे अधिकच घट्ट झाला. मार्च २०२५ मध्ये किंमत ३९९.९९ डॉलरवर आणली गेली, तोवर पहिला उत्साह ओसरला होता.

तरीही या उपकरणाला प्रेक्षक नाही, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ ही मोटारशर्यत किंवा ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ हा भयखेळ साध्या पडद्यावरही खेळता येतो आणि हेडसेटमधूनही. निर्मितीचा मुख्य खर्च पडद्यावरील मोठ्या ग्राहकवर्गाकडून भरून निघत असल्याने अशा खेळांना हेडसेटधारकांच्या अल्पसंख्येची भीती उरत नाही. टिकाऊ मार्ग हाच दिसतो.

म्हणून खरेदीचा विचार करणाऱ्याने आगामी खेळांच्या घोषणांवर विसंबून पैसे गुंतवू नयेत. आज उपलब्ध असलेले आणि आपण निश्चित खेळू असे तीन-चार खेळ नावानिशी सांगता आले, तरच पुढे जावे, आणि जुना संग्रह नव्या यंत्रावर चालेल का, याची खात्री आधीच करून घ्यावी. चष्मा वापरणाऱ्यांनी हेडसेट तो घालूनच डोक्यावर चढवून पाहावा. दृश्यात शरीर पुढे सरकते, पण कानातील तोल सांभाळणारी इंद्रिये ते स्थिर असल्याचे सांगतात, या विसंगतीमुळे काहींना मळमळते. अशांनी दुकानात किंवा मित्राकडे थोडा वेळ खेळून पाहिल्यावाचून खरेदी करू नये, आरंभी जागेवर उभे राहून वा बसून खेळण्याचे प्रकार निवडावेत, आणि गरगरू लागताच नेटाने पुढे न खेळता हेडसेट उतरवावा, कारण त्रास सोसत राहिल्यास तो खेळ थांबल्यानंतरही बराच वेळ रेंगाळू शकतो.